नोव्हेंबर सरताना बटाटा लावायचा असेल तर

प्रश्न असा आहे: निफाड तालुक्यात मध्यम काळी जमीन, सोयाबीन निघून चार गुंठे मोकळे, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. घरी खाण्यापुरता बटाटा करायचा आहे, पण नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. गावात सगळे म्हणतात, उशीर झाला. आता लावला तर येईल का? बाजारातल्या खायच्या बटाट्याचे बेणे चालेल का? आणि आलेला माल टिकेल किती?

उशीर झाला आहे हे खरे. आपल्याकडे रब्बी बटाट्याची चांगली लागवड ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते. तरी पीक येते, फक्त हिशोब उलटा धरावा लागतो. लागवडीची तारीख धरून पुढे मोजत जाऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटाला काढणी धरा आणि तिथून मागे या. बटाट्याची गाठ धरायला आणि पोसायला थंड रात्र आणि थंड माती लागते. मातीचे तापमान १७ ते २० अंशांच्या आसपास असेल तर बटाटा उत्तम पोसतो. ते ३० अंशांकडे गेले की पोसणे जवळजवळ थांबते आणि झाडाची ताकद पाल्यात जाते. नाशिक जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारी या पिकासाठी सोन्यासारखे महिने आहेत: दुपारी २८-२९, पहाटे १० किंवा त्याच्याही खाली. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा बरा जातो. त्यानंतर दुपारचा पारा ३२-३४ वर जातो आणि वरंब्याची वरची माती तापू लागते. म्हणजे २५ फेब्रुवारीच्या आसपास माल बाहेर निघालाच पाहिजे. त्यातून पाला कापल्यानंतर साल पक्की व्हायला लागणारे दहा दिवस वजा करा. आज लावलेल्या बटाट्याला हिरव्या पाल्यासह जेमतेम ८० दिवस मिळतात.

या ८० दिवसांतले उगवणीत किती घालवायचे, यावर सगळे पीक ठरते. झोपेतले, कोंब नसलेले बेणे थंड मातीत टाकले तर वर यायला २५ दिवसही घेते. आखूड, जाड कोंब आलेले बेणे १२ ते १५ दिवसांत दिसते. हे दहा दिवस ना खताने मिळतात ना औषधाने. म्हणून बेणे आधी, जमीन नंतर. बेणे कोंबलेले नसेल तर लागवड दोन-चार दिवस पुढे गेली तरी चालेल, पण न कोंबलेले बेणे घाईने गाडू नका. लागवडीची शेवटची मर्यादा ५ डिसेंबर धरा, तीही कोंब आलेल्या बेण्यासाठी. ती उलटली तर या वर्षी बटाट्याचा नाद सोडून त्या जागेत मेथी, कोथिंबीर किंवा हरभरा करावा. त्यापुढे लावलेल्या बटाट्याला लिंबाएवढ्या गाठी लागतात आणि बेण्याचाही खर्च निघत नाही.

खायच्या बटाट्याचे बेणे नको. त्याला तीन कारणे आहेत. वेफर्स आणि खाण्यासाठी शीतगृहात ठेवलेल्या मालावर बऱ्याचदा कोंब न येण्याचे औषध धुरीच्या रूपात सोडलेले असते. असा बटाटा वरून टवटवीत दिसतो, पण जमिनीत नुसता पडून राहतो किंवा केसासारखे बारीक कोंब काढतो. दुसरे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघालेला पुणे-सातारा भागातला खरिपाचा नवा बटाटा असेल तर त्याची झोप अजून संपलेली नसते. काढणीनंतर दीड ते दोन महिने तो कोंब काढतच नाही. तिसरे कारण रोगाचे. विषाणू बटाट्यातून पुढच्या पिढीत जातो, आणि आपल्या भागात हिवाळाभर मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) असल्यामुळे तो शेतात पसरतोही. पंजाबात मावा येण्याआधीच बियाण्याच्या बटाट्याचा पाला कापून टाकतात, म्हणून तिकडचे बेणे निरोगी राहते. घरचे बेणे दोन-तीन वर्षे फिरवले की उत्पन्न निम्म्यावर येते ते याच कारणाने.

बेणे घेताना ‘शीतगृहातले, पंजाबचे, बियाण्याचे’ असे स्पष्ट विचारून घ्या. पुणे जिल्ह्यात मंचरच्या बाजारात हा माल मोठ्या प्रमाणावर येतो. नोव्हेंबर संपताना शिल्लक राहिलेल्या गोणी मिळतात, त्यात सड जास्त असते, म्हणून गोणी उघडून, तळापर्यंत हात घालून पाहा. ओली, वास येणारी गोणी कितीही स्वस्त असली तरी नको.

वाण लवकर येणारे हवे. कुफरी पुखराज ७० ते ९० दिवसांत येतो, पोसतो भराभर, या मोजक्या दिवसांना सगळ्यात सोयीचा. त्यात पाणी जास्त आणि पिठूळपणा कमी, त्यामुळे रस्सा-भाजीला चांगला, वेफर्सला आणि किसाला साधारण. कुफरी चंद्रमुखी ८०-९० दिवसांचा, चवीला सरस, किसाला चांगला, पण उशिरा येणाऱ्या करप्याला फार लवकर बळी पडतो. कुफरी सूर्या उष्णता सोसणारा म्हणूनच काढलेला वाण आहे. मिळाला तर उशिराच्या लागवडीला तोच घ्यावा. कुफरी ज्योती सगळीकडे मिळतो आणि वड्याला छान, पण त्याला ९० च्या वर दिवस लागतात, १५ नोव्हेंबरनंतर तो लावू नये. लाल सालीचा सिंदुरी तर चार महिन्यांचा, त्याचा विचारच नको.

आता किती लावायचे ते. चारही गुंठे लावू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ६० सेंटिमीटरवर सरी आणि २० सेंटिमीटरवर बेणे धरले तर एका गुंठ्यात सुमारे ८४० झाडे बसतात. प्रत्येकी ४० ग्रॅमचे बेणे धरले तर ५० किलोच्या एका गोणीत दीड गुंठा होतो. वेळेवर लावलेल्या पिकाला गुंठ्याला २०० किलो मिळतात, तर उशिराच्या पिकाला १०० ते १३० किलो धरावेत. म्हणजे एका गोणीचे दीडशे ते दोनशे किलो. सहा माणसांच्या घराला आठवड्याला चार किलो लागले तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत चाळीस-पन्नास किलो पुरतात, पन्नास-साठ किलोचा कीस आणि वेफर्स होतात, उरलेला सोयऱ्याधायऱ्यांना. त्याहून जास्त पिकवला तर उन्हाळ्यात घरात टिकवता येत नाही. खालची सगळी मापे म्हणूनच दीड गुंठ्यासाठी दिली आहेत.

गोणी घरी आली की लगेच उन्हात किंवा कोंदट खोलीत टाकू नका. शीतगृहातला बटाटा २ ते ४ अंशांतून येतो. एकदम उबेत आला की त्याच्यावर घाम सुटतो आणि त्या ओलीत सड सुरू होते. आल्या दिवशीच गोणी सोडून ओसरीवर किंवा पडवीत, थेट ऊन लागणार नाही पण उजेड भरपूर असेल अशा जागी एक-दोन थरांत पसरा. रात्री गार वारा लागत असेल तर वरून गोणपाट टाका. नासके, मऊ, काळे डाग पडलेले वेचून काढा. आठ ते बारा दिवसांत अर्ध्या ते एक सेंटिमीटरचे जाड, हिरवट-जांभळट कोंब येतात. हेच हवे. अंधारात ठेवले तर पांढरे, लांब, नाजूक कोंब येतात आणि लावताना मोडतात. एकच टोकाचा कोंब जोरात वाढला आणि बाकीचे डोळे झोपलेले असतील तर तो शेंडा खुडा, बाजूचे डोळे दोन-चार दिवसांत जागे होतात. ज्याला पंधरा दिवसांत एकही कोंब नाही, तो बटाटा बाजूला काढा.

तुमच्याकडे आता दिवस कमी आहेत, म्हणून बेणे घेतानाच थोडे कोंबलेले मिळते का पाहा. व्यापाऱ्याकडे आठवडाभर बाहेर पडलेल्या गोणीत बारीक कोंब फुटलेले असतात. कोंब पांढरे असले तरी आखूड असतील तर चार दिवस उजेडात ठेवल्यावर ते टणक होतात.

कोंबडीच्या अंड्याएवढा बटाटा अख्खाच लावा. मोठा असेल तर कापा, पण उभा कापा. बटाट्याच्या शेंड्याकडे डोळे दाट असतात. आडवा कापला तर एका फोडीला सगळे डोळे आणि दुसरी वांझोटी, असे होते. प्रत्येक फोड ३५-४० ग्रॅमची, दोन-तीन डोळ्यांची. कोयता किंवा सुरी दर पाच-सात बटाट्यांनंतर स्पिरिटमध्ये बुडवा, आत तपकिरी कडी दिसलेला बटाटा तर फेकून सुरी लगेच बुडवा. ती कडी म्हणजे बांगडी रोग, आणि तो सुरीवरून पुढच्या पन्नास फोडींना लागतो. ऑक्टोबरच्या उन्हात कापलेले बेणे कुजते ही भीती खरी, नोव्हेंबर अखेरच्या गारव्यात ती बरीच कमी असते. तरी फोडी लगेच मातीत नकोत. सावलीत, ओलसर गोणपाटावर एकेरी पसरून दोन दिवस ठेवा, म्हणजे कापावर कोरडी साल धरते.

लावण्याआधी १० लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मॅन्कोझेब ७५ टक्के घालून बेणे दहा मिनिटे बुडवा, सावलीत सुकवा. कोंब मोडणार नाहीत अशा बेताने, पाटीसकट बुडवलेले बरे. हातमोजे घाला. प्रक्रिया केलेले उरलेले बेणे खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

जमिनीबद्दल आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्या सोयाबीनवर कोणते तणनाशक मारले होते? इमॅझेथापायर असलेले मारले असेल तर त्या तुकड्यात या वर्षी बटाटा नको. त्याचे अवशेष जमिनीत महिनोन्‌महिने राहतात आणि बटाटा त्याला फार नाजूक आहे: पाने आकसतात, गाठी चिरतात, वेड्यावाकड्या होतात. अशा वेळी शेतकरी रोग शोधत बसतो, आणि दोष असतो जूनमधल्या फवारणीचा. खुरपून तण काढलेला तुकडा असेल, किंवा मका-बाजरीची रिकामी जागा असेल, तर ती निवडा. टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या मागे बटाटा लावू नये. ही सगळी एकाच कुळातली, करपा, बांगडी आणि सूत्रकृमी तिन्ही वारशाने मिळतात. शेजारच्या वावरात अजून टोमॅटोची जुनी बाग उभी असेल तर बटाट्याचा तुकडा तिच्यापासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवा.

आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) साडेसातच्या वर. अशा जमिनीत बटाट्यावर खवड्या जास्त येतो, सालीवर खरबरीत, बुचासारखे डाग पडतात. आतला बटाटा खायला चांगला असतो, पण सोलताना वाया जातो. यावर औषधापेक्षा पाणी चांगले काम करते, ते पुढे सांगतो. न कुजलेले शेणखत टाकलेत तर खवड्याही वाढतो आणि हुमणीही (मातीतली कुरतडणारी अळी) येते. त्यामुळे पूर्ण कुजलेले, हातात घेतल्यावर भुरभुरणारे शेणखतच वापरा, दीड गुंठ्याला २२५ ते ३०० किलो.

जमीन वाफशावर (ओल मशागतीजोगी, माती चिकटणार नाही इतकी) आणून एक वीतभर खोल भुसभुशीत करा. काळ्या जमिनीची ओली मशागत केली तर जी ढेकळे होतात ती फेब्रुवारीपर्यंत फुटत नाहीत, आणि ढेकळांच्या फटीत वाढलेला बटाटा बाहेरून हिरवा पडतो. वाफसा नसेल तर दोन दिवस थांबा.

महाराष्ट्रासाठीची बटाट्याची खतमात्रा हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, १२० किलो पालाश अशी आहे. दीड गुंठ्याला त्याचा हिशोब असा बसतो: लागवडीला २ किलो डीएपी, ८५० ग्रॅम युरिया आणि ३ किलो ६०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. भर देताना, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवताना, १ किलो ६०० ग्रॅम युरिया. सोयाबीनच्या मागे असल्यामुळे हा दुसरा हप्ता सव्वा किलोवर आणला तरी भागते. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशही चालते, ३ किलो पुरते, पण त्यातल्या क्लोराइडमुळे बटाट्यातला पिठूळपणा कमी होतो. द्राक्षवाल्याच्या घरात ०:०:५० ची पिशवी असतेच, तीच सल्फेट ऑफ पोटॅश. खत सरीत टाकून मातीत मिसळा, बेण्याला युरियाचा खडा लागला तर कोंब जळतो.

६० सेंटिमीटरवर सऱ्या पाडा, शक्य असेल तर पूर्व-पश्चिम. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे वरंब्याची दक्षिण बाजू जास्त तापते. बेणे त्या बाजूला, वरंब्याच्या मध्यापेक्षा थोडे वर, ५ ते ७ सेंटिमीटर खोल, कोंब वर करून ठेवा. उगवणीला ती ऊब मिळते, दोन-तीन दिवस वाचतात. यापेक्षा खोल गाडू नका. उशिराच्या लागवडीत खोल गाडणे म्हणजे हातातले दिवस मातीत घालवणे, खोली नंतर भर देऊन मिळवता येते.

लावल्यावर लगेच हलके पाणी द्या, सरी निम्मी भरेल इतके. वरंब्याचा माथा भिजू देऊ नका, ओल खालून वर चढू द्या. सहा-सात दिवसांनी आंबवणी (लागवडीनंतरचे दुसरे पाणी), तीही हलकी, आणि तीही माती बोटाने उकरून कोरडी वाटली तरच. कापलेले बेणे या काळात जास्त पाण्याने कुजते, कमी पाण्याने नाही. उगवण पुरी झाली की मध्यम काळ्या जमिनीत ८ ते १० दिवसांनी पाळी. पूर्ण पिकाला साधारण ४५० मिलिमीटर पाणी धरले तर दीड गुंठ्याला सत्तर हजार लिटरच्या आत काम होते. ठिबक असेल तर त्याहून कमी.

पाण्याचा सगळ्यात नाजूक काळ लावल्यापासून तिसाव्या ते पासष्टाव्या दिवसापर्यंतचा. आज लावलात तर साधारण नाताळापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत. याच्या सुरुवातीला गाठ धरते. ज्या तीन-चार आठवड्यांत गाठ वाटाण्याएवढी ते लिंबाएवढी होते, त्या काळात वरंब्यातली ओल सतत राखली तर खवड्याचा जंतू सालीत शिरू शकत नाही. एकदा माती सुकली की तो शिरला, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी डाग जात नाहीत. याच काळात आधी ताण आणि मग भरपूर पाणी असे झाले की बटाटा तडकतो, आत पोकळ होतो किंवा त्याला आल्यासारख्या गाठी फुटतात. पाळी चुकली तर दुप्पट पाणी देऊन भरपाई करू नका, पुन्हा हलक्यापासून सुरुवात करा. विजेची पाळी रात्रीची असेल तर वीज येण्याच्या वेळेनुसार पाळ्यांचे दिवस आधीच मांडून ठेवलेले बरे.

पंचवीस ते तिसाव्या दिवशी, झाड एक वीतभर झाले की खुरपून, युरियाचा दुसरा हप्ता टाकून भर द्या. खोड निम्मे झाकेल इतकी माती चढवा. यानंतर युरिया अजिबात नाही. उशिराच्या पिकात हीच चूक सर्वांत जास्त दिसते: जानेवारीत पाला हिरवागार दिसावा म्हणून पुन्हा युरिया टाकला जातो. पाला दिसतो देखणा, पण झाड पाला वाढवत बसते, पोसायचे थंड दिवस निघून जातात, आणि काढणीला साल कच्ची राहते. दुसरी भर चाळीस-पंचेचाळिसाव्या दिवशी, फांद्या एकमेकींना लागण्याआधी. ती झाल्यावर सरीत आणि वरंब्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्या. हा थर डिसेंबरात टाकू नये, कारण तेव्हा माती उन्हाने तापायला हवी असते. जानेवारीच्या मध्यानंतर उलट ती थंड ठेवायची असते. फेब्रुवारीतल्या उन्हात या आच्छादनाने मिळालेले आठ-दहा दिवसच बटाट्याला आकार देतात. वाळवी असलेल्या जागेत मात्र भुसकट टाकू नका.

निफाडची थंडी सगळ्या राज्याला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या वारंवार येतात. पाच अंशांनी बटाट्याचे काही बिघडत नाही, वाढ फक्त मंदावते. धोका दव गोठले तर. पारा शून्याखाली एक-दोन अंश गेला की पाला उकडल्यासारखा काळा पडतो. नदीकाठच्या खोलगट वावरात ही वेळ कधीमधी येते. रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच हात गारठत असतील तर त्या संध्याकाळी हलके पाणी द्या. ओली माती रात्रभर ऊब सोडत राहते. पाल्याला मार बसलाच तर लगेच उपटून टाकू नका, खालच्या डोळ्यांतून फूट येते, पण आठवडाभर फवारणी आणि खत दोन्ही थांबवा.

थंडीपेक्षा ढगाळ हवामान जास्त घातक. डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून आले, अवकाळीचा शिडकावा झाला, सकाळी दहापर्यंत पानांवर दव राहिले की उशिरा येणारा करपा सुटतो. पानाच्या कडेला किंवा टोकाला पाण्याने भिजल्यासारखा काळपट डाग, आणि पहाटे पान उलटून पाहिले तर डागाच्या कडेला पांढरी लव. दोन-तीन दिवसांत सगळा वाफा कुजकट वास मारू लागतो. द्राक्षबागायतदाराला हे सांगायला नको, द्राक्षावरच्या डाऊनीची (केवड्याची) बुरशी याच्याच जवळच्या गोतातली, आणि ज्या हवेत द्राक्षवाला डाऊनीसाठी पंप काढतो त्याच हवेत बटाट्यालाही फवारणी हवी. लवकर येणारा करपा वेगळा: खालच्या जुन्या पानांवर कोरडे तपकिरी डाग, आत नेमबाजीच्या फळीसारखी वर्तुळे. तो उपाशी, ताण बसलेल्या झाडावर जास्त येतो आणि सावकाश पसरतो.

ढग येण्याचा अंदाज असेल तर आधीच मॅन्कोझेब ७५ टक्के, लिटरला अडीच ग्रॅम. दीड गुंठ्याला ८ ते १० लिटर पाणी पुरते, पण नोझल खालून वर धरून पानांची उलटी बाजू भिजली पाहिजे. डाग दिसायला लागले तर सायमोक्झॅनिल ८ टक्के आणि मॅन्कोझेब ६४ टक्के यांचे तयार मिश्रण, लिटरला ३ ग्रॅम, आणि सात दिवसांनी पुन्हा. घरी खायचा माल आहे, म्हणून पिशवीवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस पाळा. कोरडी, स्वच्छ थंडी असेल तर उगाच आठवड्याला फवारत बसू नका. मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क बहुतेक वेळा पुरतो. विषाणूने पाने गुंडाळलेले, खुजे झाड सापडले तर मातीसकट उपटून काढा.

नवा बटाटा संक्रांतीच्या भोगीला मिळणार नाही, ते मनातून काढा. ६० ते ६५ दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या शेवटाला, कडेच्या सरीतली चार-पाच झाडे उकरून भाजीपुरता बटाटा काढता येतो. त्याची साल बोटाने निघते, चव अप्रतिम असते आणि तो टिकत नाही, दोन दिवसांत खाऊन टाकावा. बाकीच्यांना पोसू द्या. झाडाच्या बुडाशी हात घालून मोठे बटाटे चाचपून काढण्याचा मोह टाळा. त्याने मुळे तुटतात आणि माती मोकळी होऊन पाकोळीला वाट मिळते.

ही पाकोळी म्हणजे बटाटा पोखरणाऱ्या अळीचा करडा, बारीक पतंग. आपल्या राज्यात साठवणीतला बटाटा सर्वांत जास्त याच किडीने जातो, आणि ती घरात येते शेतातूनच. पाणी तोडल्यावर काळ्या जमिनीला भेगा पडतात, भेगेतून बटाटा उघडा पडतो, संध्याकाळी पतंग त्याच्या डोळ्यांवर अंडी घालतो. बटाटा घरी येतो तेव्हा वरून काहीच दिसत नाही, तीन आठवड्यांनी डोळ्यांपाशी काळी विष्ठा आणि आत बोगदे. म्हणून पाणी तोडल्यावरही रोज वरंब्यावरून फिरा, भेग दिसली की खुरप्याने माती ओढून बुजवा. एवढे एक काम मनापासून केले तर साठवणीतले बरेच नुकसान टळते.

वेळापत्रक असे धरा. २५ नोव्हेंबरला लागवड झाली असेल तर शेवटचे पाणी ७ ते १० फेब्रुवारी, पाला कापणी १३ ते १५ फेब्रुवारी, काढणी २३ ते २५ फेब्रुवारी. पाला जमिनीलगत विळ्याने कापून वावराबाहेर न्या. पाला हिरवा असला तरी कापायचाच. आणखी आठ दिवस पोसू दे, असे वाटेल, पण त्या आठ दिवसांत वजन थोडे वाढते आणि तापलेल्या मातीत सड दुप्पट होते. कापल्यावर दहा दिवसांत साल पक्की होते. दोन बटाटे उकरून अंगठ्याने दाबून घासा. साल सरकली तर आणखी तीन-चार दिवस थांबा.

काढणी सकाळी लवकर, कुदळ वरंब्याच्या कडेने लांब मारून. काढलेला माल दहाच्या आत सावलीत. फेब्रुवारीच्या उन्हात तासभर पडलेला बटाटा आतून उकडतो आणि आठवड्याने पाणी सोडतो. ढिगावर बटाट्याचाच पाला झाकण्याची पद्धत मोडून काढा, सुकत्या पाल्यातली अळी थेट बटाट्यात उतरते. संध्याकाळ होण्याआधी ढीग गोणपाटाने पूर्ण झाका, कारण पतंग तिन्हीसांजेला उडतो. कापलेले, खरचटलेले वेगळे करून आधी खा. हिरवे पडलेले मात्र खाऊ नका, त्यात सोलॅनिन हे विष असते आणि ते उकडून जात नाही. धुऊ नका, माती सुकली की आपोआप गळते.

दहा-बारा दिवस हवेशीर सावलीत पसरून सुकवल्यावर साठवण. इथे आपल्याकडे एक ठरलेली चूक होते: कांद्याची चाळ रिकामी आहे म्हणून बटाटा तिच्यात भरला जातो. कांद्याला वारा हवा आणि उजेड चालतो, बटाट्याला वारा हवा पण अंधार लागतो. चाळीच्या फटीतून येणाऱ्या उजेडाने आठ दिवसांत बाहेरचा थर हिरवा पडतो आणि पाकोळीला मोकळे रान मिळते. घरातली सर्वांत थंड, अंधारी, उत्तरेकडची खोली निवडा. जमिनीवर फळ्या किंवा विटा, त्यावर गोणपाट, त्यावर दीड-दोन फुटांपेक्षा उंच नाही असा ढीग. खाली, मध्ये आणि वर वाळलेल्या घाणेरीच्या किंवा निलगिरीच्या पाल्याचा दोन बोटे थर द्या, पाकोळी त्याने दूर राहते. कडुलिंबाचा पालाही चालतो. कांदे त्याच खोलीत नकोत, बटाट्याच्या ओलाव्याने कांदा कोंबतो. आठवड्यातून एकदा ढीग हलवून नासका काढा, एक सडका दहा सडवतो.

असा माल मार्चअखेरपर्यंत चांगला राहतो, एप्रिलच्या मध्यापर्यंत रेटता येतो. पुखराज दीड महिन्यात कोंबू लागतो, चंद्रमुखी थोडा जास्त थांबतो. एप्रिलात खोली ३५ अंशांच्या पुढे गेली की ढिगाच्या पोटातल्या बटाट्याचे काळीज काळे पडते, बाहेरून तो धड दिसतो. फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नाही. चार-पाच अंशांत त्याच्यातला स्टार्च साखरेत उतरतो, भाजी गोडसर लागते, आणि वेफर्स तळताना लाल-काळे होतात.

म्हणून कीस आणि वेफर्सची घाई मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच करा. महाशिवरात्रीच्या उपासाला ताजा बटाटा मिळतोच, त्यानंतर लगेच ऊन कडक होते आणि कीस दोन दिवसांत वाळतो. मोठा, न कोंबलेला, डाग नसलेला माल त्याला घ्या. किसलेला थेट पाण्यात पडू द्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत तीनदा बदला, तुरटीचा खडा एकदा फिरवून पुन्हा धुवा आणि उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून कापडावर पसरा. आधी दोन बटाट्यांचा घाणा करून, वाळवून, तळून पाहा. लाल पडला तर तो माल गोड झालेला आहे, आठ-दहा दिवस साध्या खोलीत ठेवून पुन्हा करून पाहा. साखर पुष्कळशी परत स्टार्चमध्ये जाते. लहान गोट्या किसाला घेऊ नका, त्या सालीसकट उकडून, जिरे-मिरचीवर परतून आधी संपवा.